पेटीतले पुस्तक रद्दीत देऊ नका

पालघर, बोईसर-तारापूर भागात घर रंगवायला काढले की माळ्यावरची पेटी खाली येते. तीत जुन्या लग्नपत्रिका, पगाराच्या पावत्या आणि एखादे पाने सुटलेले इंग्रजी पुस्तक निघते. वाचणारे कोणी नाही म्हणून ते रद्दीवाल्याच्या काट्यावर जाते.

बोईसरला एका कामगार बंधूंच्या घरी असेच पुस्तक आमच्या हाती आले. महात्मा जोतिबा फुल्यांना अर्पण केलेला बाबासाहेबांचा ग्रंथ, ‘हू वेअर द शूद्राज?’. प्रकाशक मुंबईची थॅकर कंपनी. प्रस्तावनेखाली तारीख १० ऑक्टोबर १९४६. आम्ही सांगून टाकले, “दादा, ही पहिली आवृत्ती!” घरच्या आजींनी पुस्तक कपाळाला लावले. मग नीट पाहिले, तर छपाईचे साल निघाले १९७०. चूक आमची. ती वाचकांकडून होऊ नये, म्हणून हे लिहीत आहोत.

प्रस्तावनेची तारीख ही ती लिहिल्याची तारीख असते. पुढच्या प्रत्येक छपाईत ती तशीच राहते. छपाईचे साल पाहायचे ते पुस्तकाच्या नावाच्या पानावर किंवा त्याच्या पाठीमागे. तिथे ‘सेकंड एडिशन’, ‘थर्ड एडिशन’ किंवा ‘रीप्रिंट’ असेल, तर प्रत पहिली नव्हे.

थॅकरने छापलेल्या ग्रंथांची पहिली साले लिहून ठेवा. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ १९४०. ‘रानडे, गांधी अँड जिना’ १९४३. ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ १९४५. ‘हू वेअर द शूद्राज?’ १९४६. यातल्या पहिल्या ग्रंथाची खूण सोपी. १९४५ मध्ये भर घालून दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा नावच बदलून ‘पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया’ झाले. हे नाव असेल तर प्रत पहिली नाही.

रुपयावरचा ग्रंथ मात्र चकवतो. तो १९२३ साली लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने काढला. थॅकरने १९४७ मध्ये तोच नव्या नावाने छापला. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ थॅकरचा नाही. तो महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली, सिद्धार्थ कॉलेज प्रकाशनाने काढला.

महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाचे जाड खंड अनेक घरी आहेत. वसंत मून यांनी संपादित केलेला पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी निघाला. त्यावरची ‘पहिली आवृत्ती’ ही त्या खंडाची, आतल्या मूळ ग्रंथांची नव्हे.

जुनी प्रत सापडली तर फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. नवी बांधणी करताना नावाचे पान आणि पहिली कोरी पाने टाकू देऊ नका. साल तिथेच असते आणि घेणाऱ्याची सहीही. आपल्याकडे दमट हवा फार, म्हणून पुस्तक प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. कोरड्या सुती कापडात गुंडाळा, अधूनमधून उघडून पाहा. कोणी भाव सांगितला तरी साल तपासल्याशिवाय देऊ नका.

आजींना आमची चूक सांगताना आम्हाला संकोच वाटला. त्या म्हणाल्या, “साल कुठलंबी असू दे. यांनी ओव्हरटाइमच्या पैशातनं घेतलंय.” पहिल्या कोऱ्या पानावर त्यांच्या मालकांची सही होती. नातू कॉलेजात शिकतो. पुस्तक आता त्याच्या टेबलावर आहे.