ज्यांचा सतरा सप्टेंबर उगवलाच नाही

सतरा सप्टेंबरला आमच्या बीडमध्ये झेंडावंदन होते, हुतात्म्यांच्या स्मृतीला हार वाहिले जातात आणि शाळेतल्या पोरांना सुटीचा आनंद होतो. १५ ऑगस्ट १९४७ ला सारा देश गुलाल उधळत असताना मराठवाडा निजामाच्याच ताब्यात होता. त्याची सुटका झाली १७ सप्टेंबर १९४८ रोजी. मधल्या तेरा महिन्यांत रझाकारांच्या भयाने कितीतरी घरांनी रातोरात बिऱ्हाड उचलले आणि नगर-सोलापूरच्या मुलखाचा आसरा घेतला. सरहद्दीपलीकडे शिबिरे उभी राहिली. आपले गाव एका रात्रीच्या चालीवर, पण तिथे उजळ माथ्याने पाऊल टाकायची सोय नाही, अशा अवस्थेत पोरांनी लढा चालवला. अंबाजोगाईच्या शाळेत मुख्याध्यापकी केलेले स्वामी रामानंद तीर्थ त्यातले बरेच महिने तुरुंगात होते.

माझी आजी हे सांगायला लागली की तेरा महिन्यांची तेरा वर्षे होऊन जात. परमुलखातले दिवस असेच लांबत असावेत.

ज्यांचे ते तेरा महिने अजून सरलेच नाहीत, अशी माणसे मला पुढे बँकेच्या काउंटरवर भेटली. मी तेव्हा जिल्ह्यातल्याच एका शाखेत होतो. दिवाळी सरली की रस्त्याच्या कडेला स्वेटरची दुकाने लागत. गाव त्यांना सरसकट 'नेपाळी' म्हणे. ते तिबेटी होते. माल लुधियानाचा, तोही बहुतेक उधारीवर. हंगाम संपला की व्यापाऱ्याचे देणे फेडायचे. त्यासाठी डिमांड ड्राफ्ट काढायला एक वयस्क बाई येत. नोटा मोजून बांधलेल्या, हिशेब चोख. एकदा घाई का, असे विचारले तर म्हणाल्या, "साहब, लोसार के बाद दस मार्च को दिल्ली जाना है." लोसार म्हणजे त्यांचे नववर्ष, हे ठाऊक होते. दहा मार्चचा अर्थ नंतर कळला.

१० मार्च १९५९ रोजी ल्हासात तिबेटी जनता चिनी सत्तेविरुद्ध उठली. उठाव चिरडला गेला आणि महिनाअखेरीस दलाई लामा भारतात पोहोचले. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी दिल्ली, धरमशाला, लंडन, न्यूयॉर्क, जिथे जिथे तिबेटी आहेत तिथे तिथे झेंडे घेऊन ते रस्त्यावर येतात. आपल्या महाराष्ट्रातही १९७२ पासून त्यांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग, आजच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ.

या मोर्चांनी चीन हलतो का, असे व्यवहारी माणूस विचारणार. नाही हलत. उलट आपल्या सरकारचीच पंचाईत होते. तिबेट हा चीनचा प्रदेश, असे आपण १९५४ च्या करारात लिहून दिले आणि २००३ मध्ये पुन्हा मान्य केले. त्यामुळे तिबेट्यांना आपण आसरा देतो, शाळा देतो, पण चिनी नेता आला की त्यांची धरपकडही करतो. जानेवारी २००२ मध्ये चीनचे पंतप्रधान मुंबईत असताना तेन्झिन त्सुंदू हा तरुण कवी नरिमन पॉइंटच्या ओबेरॉय हॉटेलच्या परांचीवरून चौदाव्या मजल्यापर्यंत चढला आणि त्याने तिबेटचा झेंडा फडकवला. मार्च २०१२ मध्ये दिल्लीत जामफेल येशी याने स्वतःला पेटवून घेतले आणि दोन दिवसांनी प्राण सोडला.

त्यांच्यातही एकमत नाही. दलाई लामा स्वातंत्र्याऐवजी चीनच्या अंतर्गत खऱ्या स्वायत्ततेचा मध्यम मार्ग सांगतात, तर १९७० पासूनची तिबेटी युवक काँग्रेस पूर्ण स्वातंत्र्यावर ठाम आहे. त्यात नागरिकत्वाचा पेच. १९५० ते जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला तिबेटी जन्मानेच भारतीय ठरतो, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. तरी अनेकजण परदेशी म्हणून नोंदणीपत्रच बाळगतात. भारतीय पासपोर्ट घेतला तर नोकरी, कर्ज, प्रवास, सगळेच सोपे होते. पण सगळ्यांनीच तो घेतला, तर परत जाण्याचा हक्क कोणी सांगायचा? जन्मभर कागदपत्रे तपासण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला या प्रश्नावर सही-शिक्का मारता येत नाही. पोटच्या पोराची सोय पाहायची की न पाहिलेल्या गावाशी इमान राखायचे, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे.

आमच्या शिबिरांतली माणसे घरी परतली, कारण १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. तिबेट्यांसाठी कोणाची फौज निघणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. दलाई लामांनी २०२५ च्या जुलैत नव्वदी गाठली, ल्हासा पाहिलेली पिढी विरळ होत चालली. तरी दहा मार्चला मोर्चा निघतो, आणि त्यात चालणाऱ्या बहुतेकांचा जन्म भारतातला असतो.

हे कशासाठी, असा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला तर चालेल. मराठवाड्याच्या माणसाने तरी विचारू नये. यंदा थंडीत स्वेटर घेताना त्या बाईला भाव कमी करायला सांगण्याआधी एवढे विचारून पाहा, की तुमचे गाव कोणते?