घरची यंत्रे (भाग ९) : कपड्यांचा ड्रायर – केवढा आणि कोणता?

टंबल ड्रायर फिरत्या पिंपातून गरम हवा खेळवून कपड्यांतले पाणी उडवतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६५ युनिटइतकी उष्णता लागतेच, यंत्र कोणत्याही कंपनीचे असो. म्हणून मशीनमधून कपडे निघतात तेव्हा त्यांत पाणी किती असते, ते आधी पाहावे. पाच किलो सुती कपडे हाताने पिळले तर त्यांत जवळजवळ पाच लिटर पाणी राहते. मिनिटाला ८०० फेरे घेणाऱ्या मशीनमधून निघालेल्या तेवढ्याच कपड्यांत साडेतीन लिटर उरते आणि १४०० फेऱ्यांनंतर अडीच. निथळते कपडे ड्रायरमध्ये घालायचेच नसतात. ज्या घरी धुणे हातानेच होते, तिथे ड्रायरच्या आधी स्पिनरवर खर्च केलेला बरा. तो अर्धे काम जवळपास फुकटात करतो.

नाशिक जिल्ह्यात या यंत्राची खरी गरज पेठ-सुरगाण्याच्या पट्ट्यात आहे. पेठला वर्षाकाठी २००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. येवल्याकडे त्याच्या चौथाईच्या आसपास. आषाढ-श्रावणात पडवीतल्या दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात आणि कुबट वास धरतात, कारण हवेत आणखी बाष्प मावायला जागाच नसते. अशा हवेत ड्रायर तरी काय करणार, ही शंका रास्त आहे. पण २५ अंशांची, ९५ टक्के आर्द्रतेची हवा ६० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता १५ टक्क्यांवर येते. बाष्प तेवढेच असते, हवेची तहान वाढते.

यंत्रावर लिहिलेले किलो कोरड्या कपड्यांचे असतात. शर्ट पाव किलोच्या आत भरतो, सुती साडी अर्धा किलो, जीन्स सहाशे-सातशे ग्रॅम. चार-पाच माणसांच्या घराला सात किलोचा ड्रायर पुरतो. वॉशिंग मशीन जेवढ्या किलोचे, तेवढ्याच किलोचा ड्रायर घ्यावा, म्हणजे एक घाणा सरळ दुसऱ्या यंत्रात जातो. धुणे-वाळवणे एकाच पिंपात करणारी यंत्रे जागा वाचवतात, पण आठ किलो धुऊन त्यातले पाचच वाळवतात; उरलेले तीन किलो पुन्हा दोरीवर. गोधडीसाठी मोठा ड्रायर घेण्याचा मोह मात्र टाळावा. लुगड्यांचे थर शिवलेली गोधडी वरून सुकते, आत ओली राहते. ओल मोजणारा सेन्सर वरचा थर कोरडा लागला की यंत्र थांबवतो. नवरात्राआधीच्या धुण्यातल्या गोधड्यांना उन्हाची उघडीपच हवी.

प्रकार तीन. व्हेंटेड ड्रायर दमट हवा नळीने घराबाहेर सोडतो. रचना साधी, किंमत कमी, दुरुस्ती सोपी. नळी भिंतीतून किंवा खिडकीतून थेट बाहेर काढावी लागते आणि पेठसारख्या ठिकाणी तिचे तोंड पश्चिमेकडे ठेवून चालत नाही. वाऱ्याबरोबरचा पाऊस आत शिरतो. पूर्वेची भिंत, खाली वळवलेले तोंड आणि त्यावर झडप, असे हवे. कंडेन्सर ड्रायर वाफ थंड करून पाणी टाकीत साठवतो. नळी नको, पण खोली तापते आणि प्रत्येक वेळी टाकी रिकामी करावी लागते. (ते पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नये, त्यात कपड्यांची तूस असते.) हीट पंप ड्रायर तीच उष्णता पुन्हा वापरतो. पाच किलोच्या घाण्यात तीन लिटर पाणी असेल, तर व्हेंटेडला साधारण ३ युनिट लागतात, हीट पंपला दीडच्या आसपास. तो वेळ जास्त घेतो, पण हवा कमी तापवत असल्याने कपडे आटण्याचा धोका कमी.

स्वित्झर्लंडमध्ये २०१२पासून हीट पंपाचेच ड्रायर विकता येतात. तिथे यंत्र वर्षभर चालते. पेठमध्ये ते चार महिने चालणार. रोज एक घाणा धरला तरी हंगामात १८० युनिटांच्या आसपास बचत होते. महाग यंत्राची किंमत एवढ्यातून भरून यायला बरीच वर्षे लागतील. हिशेब फक्त पैशांचा असेल, तर व्हेंटेडच परवडतो.

पण वायरिंग हा हिशेब फिरवू शकते. व्हेंटेड आणि कंडेन्सर ड्रायर २००० ते २७०० वॅट ओढतात, म्हणजे साधारण ९ ते १२ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, जाड तार आणि चांगले अर्थिंग लागते. एक्स्टेंशन बोर्ड चालत नाही. हीट पंपाचे यंत्र बहुधा हजार वॅटच्या आत राहते. घरातली तार जुनी असेल किंवा बाहेरची भिंत मिळत नसेल, तर हीट पंपच घ्यावा. मात्र त्यात कॉम्प्रेसर असतो. व्होल्टेज वारंवार पडत असेल तर स्टॅबिलायझर जोडावा लागतो.

कोणताही प्रकार घेतला तरी जाळीवर साचलेली तूस प्रत्येक घाण्यानंतर काढावी. ती पेट घेते. तेलाचे, पेट्रोलचे किंवा रॉकेलचे डाग असलेले फडके, फोम आणि रबर आत घालू नये. पैठणी आणि घोंगडीही बाहेरच ठेवावी.