विश्लेषण : जुलाबात नुसते पाणी का पुरत नाही? जलसंजीवनीतील मीठ-साखरेचे गणित

उन्हाळ्यात परभणी जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो, तर पावसाळ्यात गोदावरीला गढूळ पाणी येते. नदीकाठच्या गंगाखेडला या दोन्ही मोसमांतला जुलाब-उलटीचा त्रास नवा नाही आणि औषधाच्या दुकानातली ‘ओआरएस द्या’ ही मागणीही नवी नाही. पण या नावाखाली पाकिटातली पूड मिळते, तशी खोक्यातली रंगीत गोड पेयेही वर्षानुवर्षे विकली गेली. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांना ‘ओआरएस’ हे नाव लावण्यास मनाई केली. साखर थोडी कमी-जास्त झाली तर एवढे काय बिघडते?

पेशीत पाणी शिरते कसे?

चिरलेल्या काकडीवर मीठ टाकले की थोड्या वेळात भांड्याच्या तळाशी पाणी सुटते. पाण्यात टाकलेले बेदाणे मात्र फुगतात. शाळेच्या पुस्तकात याला परासरण म्हटले आहे. पेशीच्या पातळ पटलातून पाणी विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाते. हे पटल मुख्यतः स्निग्ध पदार्थांचे असते, त्यामुळे मीठ किंवा साखर त्यातून सहज पार होत नाही. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची खास दारे असतात. पाण्याचीही स्वतंत्र दारे आहेत. ती शोधणाऱ्या पीटर ॲग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पाणी ओढून घेणारा पंप पेशीकडे नाही. सोडियमचा पंप मात्र आहे. तो ऊर्जा खर्च करून तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्को यांनी १९५७ मध्ये तो दाखवून दिला. म्हणजे पेशी हलवते क्षार आणि पाणी जाते त्यांच्यामागे. जुलाबाच्या उपचाराचा सगळा पाया हाच आहे.

जुलाबात नेमके काय बिघडते?

आपण दिवसाला दोनेक लिटर पाणी पितो. त्यात लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून आतड्यात रोज आठ-नऊ लिटर द्रव येतो आणि जवळजवळ सगळा परत शोषला जातो. पटकीच्या जंतूचे विष आतड्याच्या पेशीतील क्लोराइडचे दार उघडेच ठेवते. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहू लागते, त्यामागे सोडियम आणि त्यांच्यामागे पाणी. मीठ शोषण्याचा एक नेहमीचा मार्गही बंद पडतो. अशा वेळी तांब्याभर पाणी प्यायले तरी त्याला आत ओढणारे काही नसते.

पण एक दार शाबूत राहते. ते सोडियम आणि ग्लुकोज दोघांना एकदमच आत घेते. एकटा आला तर प्रवेश नाही. रॉबर्ट क्रेन यांनी ऑगस्ट १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत ही कल्पना मांडली. जलसंजीवनीतील साखर चवीसाठी किंवा ताकदीसाठी असते असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात ती सोडियमला आत नेण्यासाठी असते. सोडियम आत गेले की पाणी आपोआप मागोमाग जाते.

हे रुग्णांपर्यंत पोहोचले कधी?

१९६८ मध्ये ढाक्यात पटकीच्या रुग्णांवर तोंडावाटे द्यायच्या द्रावणाचा यशस्वी प्रयोग झाला होता, पण तो रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेश युद्धातील निर्वासितांच्या लोंढ्यात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाईकांवर सोपवले. एरवी ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांखाली आले. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

आजही ‘डॉक्टर, एक सलाइन लावाच’ असा आग्रह गावोगाव ऐकू येतो. रुग्ण शुद्धीवर असेल आणि पिऊ शकत असेल, तर बहुतेक वेळा ते काम हे द्रावण करते.

मग प्रमाणाचा एवढा आग्रह का?

२००२ पासूनच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. यात सोडियम आणि ग्लुकोजचे कण जवळपास समसमान येतात, आणि एकूण द्रावण रक्तापेक्षा किंचित विरळ राहते. त्यामुळे पाण्याचा ओघ आतड्याकडून रक्ताकडे जातो.

कोलासारख्या शीतपेयात लिटरमागे शंभर ग्रॅमच्या वर साखर असते आणि सोडियम नावापुरते. न शोषलेली साखर आतड्यात राहते आणि उलट शरीरातलेच पाणी तिकडे ओढते. काकडीला सुटते तसेच. जुलाब वाढतात आणि लहान मूल काही तासांत गळून जाऊ शकते. एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात कालवले तरी हाच धोका, शिवाय रक्तातील सोडियम वाढण्याची भीती. मीठ घातलेली तांदळाची पातळ पेज मात्र चालते. पिठूळ पदार्थाचे कण मोठे आणि संख्येने कमी असतात. ते फारसे पाणी ओढत नाहीत आणि पचताना ग्लुकोज हळूहळू देतात.

घरी काय करावे?

पाकीट एक लिटरचे आहे की २०० मिलिलिटरचे, हे आधी वाचावे. अख्खे पाकीट तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात घालावे आणि २४ तासांनंतर उरलेले फेकून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर चमच्याचमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश. अंगावरचे दूध बंद करू नये. आशाताईंकडे पाकिटांसोबत झिंकच्या गोळ्याही मिळतात. जुलाब थांबले तरी त्यांचा १४ दिवसांचा क्रम पूर्ण करायचा असतो.

मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली पोटाची कातडी सावकाश जागेवर आली, पिणेच बंद झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी वाट पाहू नये. गंगाखेडच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे आणि वाटेतही, गिळता येत असेल तर, द्रावण पाजत राहावे.