घर दोघांचं, पॉलिसी एकाची? मग हे आधी वाचा

धंद्यात पार्टनरशिप करताना आपण डीड करतो, टक्केवारी लिहितो, सह्या घेतो. पण मित्रासोबत घर घेतलं की म्हणतो, "आपल्यात कसली लिखापढी?" मीसुद्धा हेच म्हणालो होतो. ते मला कितीला पडलं, ते आज सांगतो.

सांगलीत मी आणि माझ्या कॉलेजच्या मित्राने मिळून एक रो हाऊस घेतलं. खाली तो आणि वहिनी, वर आम्ही. इंडेक्स टूवर दोघांची नावं. घराचा विमा काढायची वेळ आली तेव्हा फॉर्म मी भरला, म्हणून पॉलिसी माझ्या एकट्याच्या नावावर निघाली. प्रीमियमचे निम्मे पैसे तो न चुकता मला द्यायचा. आम्हाला वाटलं, झालं काम.

जुलै 2021 मध्ये कृष्णेचं पाणी आलं. वरचा मजला कोरडा राहिला, खालचा बुडाला. त्याचा फ्रीज, कपाट, गाद्या, वहिनींचं शिलाई मशीन, सगळं गेलं. जिन्याखाली माझ्या दुकानाच्या वह्यांचे बॉक्स होते, त्यांचा लगदा झाला.

सर्व्हेअर आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "कागदावर मालक दोन, मग पॉलिसीत एकच नाव कसं?" इमारतीच्या दुरुस्तीचा क्लेम मित्राच्या लेखी संमतीवर अडकला आणि पैसे यायला महिने गेले. मित्राच्या सामानाला नकार मिळाला, कारण तो ना विमाधारक, ना माझ्या कुटुंबातला. माझ्या वह्यांनाही नकार, कारण तो दुकानाचा माल होता. म्हणजे प्रीमियम दोघांनी भरला आणि ज्याचं घर बुडालं, त्याचंच नाव पॉलिसीत नव्हतं! तो काही बोलला नाही. पण पुढचे सहा महिने आमचा संध्याकाळचा चहा बंद होता. मला तेच जास्त लागलं.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून पाच गोष्टी सांगतो.

1. इंडेक्स टूवर जेवढी नावं, तेवढीच पॉलिसीत
विम्याचा मूळ नियम असा की, ज्या वस्तूच्या नुकसानाने तुमचं आर्थिक नुकसान होतं, तिचाच विमा तुम्ही काढू शकता. मित्राचा हिस्सा हे तुमचं नुकसान नाही. ऑनलाइन फॉर्ममध्ये एकाच नावाची जागा दिसली तर तिथेच थांबा. एजंटला किंवा शाखेत विचारा आणि दुसऱ्या मालकाचं नाव लेखी घालून घ्या. "साहेब, चालतंय की" या तोंडी उत्तरावर जाऊ नका. दोघांनी संपूर्ण घराच्या दोन वेगळ्या पॉलिसी काढल्या तरी भरपाई दुप्पट मिळत नाही. विमा नुकसान भरून देतो, नफा देत नाही.

2. रक्कम घराच्या किमतीवर नाही, बांधकामाच्या खर्चावर
एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक स्वरूपाची पॉलिसी आली आहे. आग, वीज, पूर, वादळ, भूकंप, दंगल हे धोके तिच्यात येतात. विमा जमिनीचा नसतो. समजा कार्पेट एरिया 800 चौरस फूट आहे आणि बांधकामाचा खर्च फुटाला 2,000 रुपये. मग विमा रक्कम झाली 16 लाख. घर तुम्ही 40 लाखांना घेतलं असलं तरी हिशोब हाच.

3. सामान दोन संसारांचं आहे
या पॉलिसीत इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला कव्हर मिळतं. वरच्या उदाहरणात ते 3 लाख 20 हजार. दोन कुटुंबांना पुरेल का? नसेल तर दोघांच्या सामानाच्या याद्या देऊन रक्कम वाढवून घ्या. दागिन्यांसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

4. दुकानाचा माल घरात ठेवता? सांगून टाका
आपल्यापैकी बरेच जण ठेवतात. घराच्या पॉलिसीत धंद्याचा माल येत नाही. त्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही लहान धंद्यांची वेगळी पॉलिसी आहे. घर भाड्याने दिलं किंवा बरेच दिवस बंद राहणार असेल, तरी कंपनीला लेखी कळवा.

5. आपसात एक करार करा
कोणाचा हिस्सा किती, प्रीमियम कोण किती भरणार, क्लेमचे पैसे आधी दुरुस्तीलाच वापरायचे का, कमी पडले तर कोण घालणार, हे सगळं लिहा. खरेदीत कोणी किती पैसे घातले याचा पुरावा नसेल, तर 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा हिस्से समान धरतो. तुम्ही 70 टक्के घातले असतील तर ते कागदावर दिसू द्या. मित्राचं बरंवाईट झालं आणि मृत्युपत्र नसेल, तर त्याचा हिस्सा तुमच्याकडे नाही, त्याच्या वारसांकडे जातो. तेव्हा पॉलिसीतलं नावही बदलायला हवं. गृहकर्ज असेल तर बँकेचं नाव पॉलिसीत असतं आणि क्लेमवर पहिला हक्क बँकेचा, हेही दोघांना माहीत असू द्या.

आता आमच्या पॉलिसीवर दोघांची नावं आहेत. करार स्टॅम्प पेपरवर केला. सही करताना मित्र म्हणाला, "हे आधीच केलं असतं तर वहिनीचं मशीन आलं असतं बघ." मी गप्प बसलो. मशीन नंतर मीच घेऊन दिलं, ती गोष्ट वेगळी.

आजचा होमवर्क: इंडेक्स टू आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवा. नावं जुळतात का बघा. जुळत नसतील तर मित्राला आजच फोन लावा. पाऊस सुरू व्हायची वाट बघू नका.