एका विटेची ओळख

निवृत्तीनंतर आम्ही उभयता कन्येकडे जर्मनीत तीन महिने राहिलो. ती आणि जावई कामावर गेले की दिवस सरता सरत नसे. जर्मन भाषा येत नसल्याने शेजाऱ्यांशी परिचय केवळ स्मितापुरता. मुले दमून परतल्यावर आमच्या करमणुकीचा भार त्यांच्यावर पडे, याचा संकोच वाटे.

एकदा गावातील सार्वजनिक ग्रंथालयात गेलो. तेथे पुस्तकांप्रमाणे पटावरील खेळही घरी नेण्यास मिळतात! त्या देशात या खेळांना मोठा मान आहे. उत्तम खेळासाठी १९७९ पासून दरवर्षी पुरस्कार दिला जातो. एसेन शहरात तर खेळांची भव्य जत्राच भरते.

आम्ही ‘कटान’ आणला. क्लाउस टॉयबर यांच्या या खेळास १९९५ साली तो पुरस्कार लाभला. लाकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज यांची देवाणघेवाण करीत वस्ती वाढवायची. पण त्यास किमान तीन खेळाडू लागतात आणि आम्ही दोघेच. अखेर कन्येने शेजारच्या वृद्ध बाईंना शनिवारी चहास बोलावले.

आयुष्यभर इतरांची कर्जे मंजूर करणारा मी, एका विटेसाठी खाणाखुणांनी विनवण्या करू लागलो! बाई मनापासून हसल्या. पुढच्या शनिवारी त्यांनीच आमचे दार वाजवले.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या ज्येष्ठांनी प्रथम जवळच्या ग्रंथालयात खेळांची चौकशी करावी. भाषा नसली तरी चालते. सोबत मागण्याचा संकोच मात्र सोडावा लागतो.