टेबलासमोरची खुर्ची

माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. साल १९८८. कुरखेड्यातल्या एका बँकेच्या शाखेत मी कर्जाचे अर्ज पाहत असे. चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा सहाच वर्षं झाली होती. आदिवासींविषयी तुमचं मत काय, असं कुणी विचारलं असतं तर मी फार सुंदर उत्तर दिलं असतं. लेखक व्हायचं मनात होतंच!

एका दुपारी एक गोंड शेतकरी शेळ्यांसाठी अर्ज घेऊन आला. त्याच्या आधी वडशाचे एक व्यापारी खुर्चीत बसून, चहा पिऊन गेले होते. हा उभा. चारा कुठला, आजार आला तर काय करशील, असं मी विचारत गेलो आणि तो जमिनीकडे पाहत काहीतरी पुटपुटला. मी शेरा मारला : ‘अर्जदारास व्यवसायाची माहिती नाही.’

थोड्या वेळानं पान खायला बाहेर पडलो. तोच माणूस पायरीवर बसून आमच्या शिपायाला सांगत होता, कोणत्या पाल्यानं शेळीचं पोट फुगतं, पावसाळ्यात पिल्लं कशी जपायची. शिपाई मला हळूच म्हणाला, “सायेब, त्याले बस म्हनलं असतं, त आतच सांगतलं असतं ना जी.”

पुढे निवृत्तीनंतर रिचर्ड लापिएर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९३४ सालचा लेख वाचला. चिनी लोकांविषयी तिकडे तेव्हा उघड तिरस्कार होता. लापिएर एका तरुण चिनी जोडप्याबरोबर देशभर हिंडले. २५१ हॉटेलं, खानावळी वगैरे ठिकाणी गेले. नकार मिळाला फक्त एकदा. नंतर त्याच ठिकाणी पत्रं पाठवली : ‘चिनी पाहुणे घ्याल का?’ उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी ‘नाही’ कळवलं. (पत्राला उत्तर देणारा आणि गल्ल्यावरचा माणूस एकच होता का, हा आक्षेप रास्त आहे.) त्यांचं कागदावर वाईट, वागणं बरं. माझं नेमकं उलटं.

आणखी एक प्रयोग वाचून मात्र झोप उडाली. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी घातली. २००६ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. जात उच्चारली नाही तेव्हा दलित मुलं सवर्ण मुलांच्या बरोबरीनं कोडी सोडवत होती. सगळ्यांसमोर जात जाहीर केली, की तीच कामगिरी खाली येई. बुद्धी तीच, कोडं तेच. मी माझ्या शेतकऱ्याला जात विचारली नव्हती. उभं ठेवलं होतं, तेवढ्यानं भागलं.

त्या दिवशी परत येऊन मी शेरा खोडला, खाली सही केली. कर्ज मंजूर झालं. पैसे घ्यायला तो आला तेव्हा मी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. पहिल्या हप्त्याला आला, तेव्हाही नाही. तिसऱ्या खेपेला बायकोला घेऊन आला. ती बसली. तो तिच्या मागे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.