मशीन नंतर, आधी बॅटरी ठरवा

समजा तुम्ही लिंबागणेशला छोटं गॅरेज टाकताय आणि जोडीला घरोघरी कपाटं, पडद्याचे रॉड बसवायची कामंही घेणार आहात. लाईटचा नेम नाही, म्हणून कॉर्डलेस मशीन घ्यायचं ठरवलंत. चांगलंय. पण दुकानात गेल्यावर ड्रिल नाही, आधी बॅटरी बघा.

एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही. एकाच कंपनीतही फसगत होते. बॉशच्या निळ्या मशीनची १८ व्होल्टची बॅटरी हिरव्याला चालत नाही. म्हणजे पहिल्या बॅटरीबरोबर तुमची पुढची सगळी खरेदी ठरली! मुद्राचं शिशु कर्ज ५० हजारांपर्यंतच मिळतं, त्यात दोनदा चूक परवडत नाही.

डब्यावर '२० व्होल्ट' बघून जास्त पैसे मोजू नका. बहुतेक वेळा आत तेच पाच सेल असतात. फुल चार्जला वीस-एकवीस, कामात १८. बघायचं ते अँपिअर-अवर: १८ व्होल्टला ४ म्हणजे ७२ वॉट-तास, २ म्हणजे निम्मे.

गॅरेजला पहिलं मशीन अर्धा इंची इम्पॅक्ट रेंच. कारचा नट साधारण १००-१२० न्यूटन-मीटरला आवळतात, पण गंजला की सोडायला कितीतरी जास्त जोर लागतो. ट्रॅक्टरचं तर विचारूच नका. शेवटचं आवळणं मात्र टॉर्क रेंचनेच करा. ग्राइंडर वायरचाच बरा, तो बॅटरी भसाभस पितो.

सुरुवातीला ४ च्या दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर घ्या, पुढची मशीनं बॅटरीशिवाय. सर्व्हिस सेंटर बीडला आहे का, तेही आधीच विचारा. आणि हो, मे महिन्यात तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, सावलीत गार होऊ द्या.